घटना राहावी, धास्ती जावी

इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाचं मेंदूविज्ञानाचं एक केंद्र चेझेना या शहरात आहे. तिथे सारा बोर्गोमानेरी, ज्युसेप्पे दी पेल्लेग्रिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निरोगी स्वयंसेवकांना ओळीने तीन दिवस बोलावलं. पहिल्या दिवशी पडद्यावर चित्रं दाखवली. त्यातलं एक ठरावीक चित्र आलं की बऱ्याचदा त्यापाठोपाठ विजेचा झटका बसे; इजा होणार नाही, पण नकोसा वाटेल एवढाच. शरीर लवकर शिकलं. नुसतं ते चित्र दिसलं तरी हाताला सूक्ष्म घाम फुटू लागला आणि जोडलेल्या यंत्रावर त्याची नोंद उमटू लागली. दुसऱ्या दिवशी तेच चित्र आठवण जागी होण्यापुरतं दाखवलं. मग दहा मिनिटं थांबून, कपाळाच्या वरच्या बाजूला एक गुंडाळी धरून मेंदूला चुंबकीय स्पंद दिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच चित्र आलं तेव्हा या लोकांच्या शरीराचा प्रतिसाद बराच मंदावलेला होता. मध्ये पुन्हा झटके देऊन भीती परत आणायचा प्रयत्न झाला, तरी ती परतली नाही.

या प्रयोगात मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते तुलनेसाठी घेतलेले गट. काहींना यंत्र लावलं पण स्पंद खोटे होते. काहींना ते डोक्याच्या मागच्या भागावर दिले. आणि एका गटाला योग्य जागी, खरेखुरे स्पंद दिले, फक्त त्याआधी चित्र दाखवून आठवण जागी केली नाही. या सगळ्यांची भीती होती तशीच राहिली. म्हणजे नुसत्या चुंबकाने काही झालं नाही आणि नुसत्या आठवणीनेही नाही. दोन्ही गोष्टी ठरावीक वेळेत एकत्र आल्या तेव्हाच फरक पडला.

२०२० साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात हे छापून आलं. अशा प्रयोगाबद्दल बोलताना ‘आठवण पुसली’ असं म्हणायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण काय पुसलं, काय राहिलं, आणि जे राहिलं ते राहायला हवं होतं का, हे पाहिल्याशिवाय या शोधाचं मोल कळत नाही. माझ्या मते या उपचारांची कसोटी एकच आहे: घटना लक्षात राहिली पाहिजे आणि तिची धास्ती तेवढी गेली पाहिजे. हे शक्य आहे का, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

जिनिव्हातले डॉक्टर एद्वार क्लापारेद यांनी १९११ साली एक हकिकत लिहून ठेवली. त्यांच्या एका रुग्णबाईंना नवं काही लक्षात राहत नसे. डॉक्टर नेहमी भेटत, आणि दर वेळी ओळख नव्याने करून द्यावी लागे. एकदा क्लापारेद यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून हस्तांदोलन केलं. बाईंना टोचलं. थोड्या वेळात त्या सगळा प्रसंग विसरल्या. पण पुढे डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा त्यांनी आपला हात मागे घेतला. का, ते त्यांना नीट सांगता येईना. आज कुठलीही नीतिसमिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही आणि देऊही नये. पण प्रसंग विसरला तरी भीती उरते, हे त्या मागे गेलेल्या हाताने दाखवलं.

पुढे १९९५ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात आंत्वान बेशारा, अंतोनियो दमासिओ आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट दोन्ही बाजूंनी तपासली. एका रुग्णाचा हिपोकॅम्पस निकामी झाला होता. प्रसंगांची नोंद ठेवणारा हा मेंदूचा भाग. दुसऱ्या रुग्णाचा ॲमिग्डाला निकामी होता. कानशिलाच्या आत खोलवर असलेला, बदामाच्या आकाराचा, धोक्याची सूचना देणारा भाग. दोघांना रंगीत पट्ट्या दाखवल्या आणि एका रंगानंतर कर्कश भोंगा वाजवला. पहिल्या रुग्णाच्या हाताला तो रंग दिसताच घाम येई, पण भोंगा कोणत्या रंगानंतर वाजतो ते त्याला सांगता येत नसे. दुसऱ्या रुग्णाला रंग अचूक सांगता येई, पण हात कोरडा. घटनेची नोंद एकीकडे, धास्तीची दुसरीकडे.

धसका घेतलेल्या माणसाच्या घरच्यांनी हा भाग नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. अपघातानंतर स्कूटरवर बसायला घाबरणाऱ्याला आपण सांगत राहतो, ‘अहो, झालं ते झालं, आता रस्ता मोकळा आहे.’ त्याला ते ठाऊक असतं. कळतं पण वळत नाही, ही त्याची खरी अडचण आहे, कारण आपलं समजावणं एका खात्यात जमा होतं आणि धडधड दुसऱ्याच खात्यातून निघते.

* * *

आठवणींविषयी विसाव्या शतकात प्रचलित समजूत अशी होती की सुरुवातीचे काही तास आठवण कच्ची असते, मग पेशी नवी प्रथिनं तयार करून तिला पक्की करतात, आणि एकदा पक्की झाली की ती कायमची. १९६८ साली रटगर्स विद्यापीठात डोनाल्ड लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला. त्यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकवून लगेच मेंदूला विजेचा झटका दिला. त्या उंदरांची भीती नाहीशी झाली. आवाज न ऐकवता नुसता झटका दिलेल्या उंदरांना मात्र सगळं आठवत होतं. चेझेनातल्या प्रयोगाचा सांगाडा बावन्न वर्षांपूर्वीच तयार होता. पण त्या काळात तो फारसा कुणाला पचला नाही आणि विषय मागे पडला.

तो परत वर आला २००० साली. न्यूयॉर्क विद्यापीठात जोसेफ लेदू यांच्या प्रयोगशाळेत करीम नादेर नावाचा तरुण संशोधक काम करत होता. लेदू म्हणजे भीती आणि ॲमिग्डाला यांचं नातं उलगडण्यात आयुष्य घालवलेला माणूस. नादेर यांचा प्रश्न साधा होता: पक्की झालेली आठवण पुन्हा काढली तर ती पुन्हा पक्की करावी लागते का? लेदू यांना सुरुवातीला यात अर्थ वाटला नव्हता. नादेर यांनी उंदरांना एका सुराची भीती शिकवली, दुसऱ्या दिवशी तो सूर एकदा ऐकवला आणि लगेच ॲमिग्डालामध्ये नवी प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं. त्यानंतरच्या दिवशी सूर वाजला तेव्हा हे उंदीर पूर्वीसारखे जागच्या जागी थिजले नाहीत. सूर न ऐकवता औषध दिलं तर परिणाम शून्य. सूर ऐकवल्यानंतर सहा तासांनी दिलं तरीही शून्य.

या सहा तासांत सगळं आलं. आठवण काढली की ती काही काळ पुन्हा कच्ची होते. जुन्या गोधडीची शिवण उसवून आत नवा थर घालावा आणि पुन्हा शिवून टाकावी, तसं काहीसं. निसर्गाने ही सोय आपल्याला विसरायला लावण्यासाठी केली असेल असं वाटत नाही. जुन्या अनुभवात नवी माहिती भरता यावी म्हणून ही शिवण उसवत असावी. तो थोडा वेळ संशोधकांच्या हाती लागला आणि त्यातून पंचवीस वर्षांचं एक अख्खं क्षेत्र उभं राहिलं.

माणसांवरचे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत.

पहिला ॲमस्टरडॅमचा. मेरेल किंट यांनी २००९ साली स्वयंसेवकांना कोळ्याच्या चित्राची भीती शिकवली आणि दुसऱ्या दिवशी आठवण जागी करण्याआधी प्रोप्रॅनोलॉलची ४० मिलिग्रॅमची गोळी दिली. रक्तदाब आणि अर्धशिशीसाठी आपल्याकडेही डॉक्टर हे औषध देतात. तिसऱ्या दिवशी चित्र पाहून त्या लोकांचं दचकणं थांबलं होतं. मात्र ‘या चित्रानंतर झटका बसेल असं वाटतं का’ असं विचारल्यावर त्यांचं उत्तर पूर्वीसारखंच होतं: हो, बसेल. घटना शाबूत, धास्ती गायब. पुढे २०१५ साली किंट आणि मारीके सूटर यांनी खऱ्या आयुष्यात कोळ्याला घाबरणाऱ्यांसमोर जिवंत टॅरँट्युला ठेवला आणि मग गोळी दिली. काही दिवसांतच ही माणसं कोळ्याच्या जवळ जाऊ लागली, आणि हा बदल वर्षभर टिकला. त्यातली एक बाब फार बोलकी आहे. ‘कोळ्याची भीती वाटते का’ या प्रश्नाला ती सुरुवातीला ‘वाटते’ असंच उत्तर देत होती. हात आधी धजावले आणि स्वतःविषयीचं मत काही महिन्यांनी बदललं.

दुसरा नेदरलँड्समध्येच, मारैन क्रूस आणि सहकाऱ्यांचा, २०१४ सालचा. तीव्र नैराश्यासाठी ईसीटी, म्हणजे आपण ज्याला शॉक ट्रीटमेंट म्हणतो ती, घेत असलेल्या रुग्णांना आधी दोन क्लेशकारक चित्रकथा दाखवल्या. काही दिवसांनी, भूल देऊन ईसीटी करायच्या जरा आधी, त्यातल्या एकीचीच आठवण करून दिली. एक दिवस उलटल्यावर विचारलं तर ती जागी केलेली कथाच नेमकी विस्कटली होती. दुसरी ठीक होती. ईसीटीनंतर लगेच विचारलेल्यांना मात्र दोन्ही आठवत होत्या. आठवण पुन्हा पक्की व्हायला जो वेळ लागतो, त्या वेळात ती बिघडली.

या दोन प्रयोगांची दिशा वेगळी आहे. ॲमस्टरडॅममध्ये धास्ती गेली आणि माहिती राहिली. दुसऱ्यात माहितीच गेली. ज्या बाईवर अत्याचार झाला तिला उद्या कोर्टात साक्ष द्यायची असेल तर पहिल्या प्रकारचा उपचार तिला उभं राहायला बळ देईल. दुसऱ्या प्रकारचा तिची साक्षच काढून घेईल. मेंदूवर विजेने किंवा चुंबकाने काही करणाऱ्या प्रत्येक पद्धतीला मी आधी हा प्रश्न विचारतो की ती यातल्या कोणत्या बाजूला जाते.

सगळेच प्रयोग पुन्हा तसेच जमलेत असंही नाही. औषध न वापरता, आठवण जागी करून दहा मिनिटांनी तिला निरुपद्रवी अनुभवाची जोड द्यायची, हा डॅनिएला शिलर, एलिझाबेथ फेल्प्स आणि लेदू यांचा २०१० सालचा प्रयोग ‘नेचर’मध्ये छापला गेला आणि खूप गाजला. २०२० साली बेल्जियममधल्या लोव्हेनच्या संशोधकांनी तो काटेकोरपणे पुन्हा केला. त्यांच्या हाती तो निकाल लागला नाही. आठवण उसवण्याची ती वेळ खरी असावी, पण माणसात ती नेमकी केव्हा उघडते, किती जुन्या आठवणीसाठी उघडते, याची पक्की किल्ली अजून कुणाकडे नाही.

* * *

आता यंत्राकडे. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी कवटीला हात न लावता, दुखू न देता मेंदूला चेतना देता येते हे दाखवलं. तत्त्व फॅरडेचं, १८३१ सालचं: बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. तांब्याच्या तारेच्या गुंडाळीतून क्षणमात्र मोठा प्रवाह सोडायचा. चुंबकीय क्षेत्र हाडाला न जुमानता आत जातं आणि तिथल्या पेशींमध्ये सूक्ष्म वीज खेळते. यालाच टीएमएस म्हणतात. रुग्ण जागा असतो, खुर्चीत बसलेला, कानात बोळे घातलेले, कारण गुंडाळी सतत टकटक वाजते. टाळूवर टिचक्या मारल्यासारखं वाटतं. पुष्कळांचं डोकं दुखतं, क्वचित कुणाला फीट येऊ शकते. म्हणून फेफऱ्याचा इतिहास आणि डोक्यात बसवलेला धातू यांची चौकशी आधी व्हावीच लागते. सेकंदाला एक या संथ गतीने स्पंद दिले तर बहुतेकदा त्या भागाची सक्रियता घटते, सेकंदाला दहा दिले तर वाढते.

अडचण अशी की नेहमीच्या गुंडाळीचा असर दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. ॲमिग्डाला त्याहून खूप खोल आहे. म्हणून चेझेनात कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर स्पंद दिले. हा भाग विचार करणारा, लक्ष ठेवणारा, आणि खालच्या धोक्याच्या घंटेला आवर घालणाऱ्या जाळ्यात सामील असलेला. पोर्तो रिकोमधल्या पोन्स इथे मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ साली उंदरांमध्ये दाखवलं होतं की ‘आता धोका नाही’ हे शिकल्याची खूण प्रीफ्रंटल भागातल्या पेशींमध्ये उमटते. त्या भागाला सुराबरोबर चेतना दिली की उंदीर कमी थिजतात. हा दुसरा रस्ता. इथे जुनी आठवण मोडायची नाही, तिच्या शेजारी सुरक्षिततेची नवी आठवण रुजवायची. माझा कल या रस्त्याकडे अधिक आहे, कारण इथे माणसाकडून काही काढून घेतलं जात नाही.

प्रयोगशाळेतला स्वयंसेवक आणि युद्धावरून परतलेला सैनिक यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. एकाची भीती कालची, दुसऱ्याची वीस वर्षांची. एकाने पडद्यावरचं चित्र पाहिलं, दुसऱ्याने शेजारचा माणूस मरताना पाहिला. तेव्हा खऱ्या रुग्णांवरच्या चाचण्या काय सांगतात?

२०१८ साली अमेरिकेत अँड्र्यू कोझेल आणि सहकाऱ्यांनी पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक विकार, असलेल्या १०३ माजी सैनिकांवर चाचणी केली. सगळ्यांना बोलण्याचे उपचार मिळाले. निम्म्यांना प्रत्येक सत्राआधी खरे चुंबकीय स्पंद, बाकीच्यांना खोटे. खरे स्पंद मिळालेल्यांना जास्त आराम पडला आणि तो सहा महिने टिकला. २०२४ साली मास्खा फान ट वाउट-फ्रँक यांच्या गटाने ५४ माजी सैनिकांना आभासी वास्तवाच्या चष्म्यातून युद्धभूमीचे प्रसंग दाखवले आणि त्याच वेळी कपाळावरच्या पट्ट्यांतून अतिशय मंद वीज सोडली. सहा सत्रं. इथेही खरी वीज मिळालेले पुढे होते.

या दोन्हींच्या मध्ये २०२१ साली एक चाचणी येऊन गेली, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अनेक केंद्रांवर, पीटीएसडीच्या सव्वाशे रुग्णांवर, जरा खोलवर पोचणारी गुंडाळी वापरून ती झाली. रुग्णाला त्याच्या आघाताची थोडक्यात आठवण करून द्यायची आणि लगेच स्पंद द्यायचे. कागदावर ही रचना अगदी चोख होती. निकाल उलटा आला. दोन्ही गटांना आराम पडला, पण ज्यांना खोटे स्पंद मिळाले त्यांना अधिक. म्हणजे आठवणीला थोडा वेळ सामोरं जाण्यानेच रुग्ण सुधारत होते, आणि यंत्र बहुधा त्या सुधारणेच्या आड येत होतं.

मी या चाचणीला अपयश म्हणणार नाही. या क्षेत्रातला हा सर्वांत उपयोगी निकाल आहे. प्रीफ्रंटल भाग भीतीची आठवण धरून ठेवतो तसा भीती आवरायलाही शिकवतो. चुकीच्या क्षणी त्याच्यात ढवळाढवळ केली तर रुग्ण स्वतःच्या बळावर जे शिकत असतो तेच बिघडू शकतं. यंत्र कोणत्या जागी लावायचं इतकंच केव्हा लावायचं नाही हेही कळावं लागतं.

* * *

खोल जाण्याचा रस्ता शस्त्रक्रियेतून जातो. लॉस एंजेलिसमध्ये जाँ-फिलिप लांजव्हँ यांच्या गटाने कुठल्याच उपचाराला दाद न देणाऱ्या एका माजी सैनिकाच्या ॲमिग्डालामध्ये तारा बसवल्या आणि छातीतल्या बॅटरीवरून त्यांना सतत मंद वीज पुरवली. २०१६ साली त्यांनी कळवलं की आठ महिन्यांत त्याची लक्षणं एक तृतीयांशाहून अधिक घटली, दुःस्वप्नं कमी झाली. एका माणसाचा अनुभव तो. त्यावरून फार मोठं काही म्हणता येत नाही. टेक्सासमध्ये मायकेल किलगार्ड आणि सहकाऱ्यांनी मानेतल्या व्हेगस या मज्जातंतूवर छोटंसं उपकरण बसवून, आघाताची आठवण सांगत असतानाच त्या तंतूला हलकी चेतना दिली. नऊ रुग्ण होते. उपचार संपल्यावर नऊही जण पीटीएसडीच्या निकषाबाहेर गेले आणि सहा महिने बाहेर राहिले. तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे मोठी चाचणी होईपर्यंत थांबायला हवं. तरी माझी आशा इथे जास्त आहे, कारण यात रुग्ण बोलत असतो आणि वीज त्याच्या शिकण्याला साथ देते.

ॲमिग्डाला बंद पाडला की भीती संपली, असं मानणाऱ्यांनी एस.एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन रुग्णबाईंची गोष्ट पाहावी. दुर्मीळ आजाराने त्यांचे दोन्ही ॲमिग्डाला नष्ट झाले आहेत. साप, भुताटकीचे वाडे, थरारपट, कशाचंच भय त्यांना वाटलं नाही. पण २०१३ साली संशोधकांनी त्यांना कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेली हवा श्वासातून घ्यायला दिली, आणि त्या गुदमरून भयंकर घाबरल्या. शरीराच्या आतून उठणारं भय वेगळ्या वाटेने आलं. लेदू यांनीही पुढे आपली भाषा बदलली. ॲमिग्डालाला भीतीचं केंद्र म्हणणं त्यांनी सोडलं. धोका ओळखून शरीराला सावध करणारी यंत्रणा निराळी आणि ‘मला भीती वाटते’ हा अनुभव निराळा, असं ते मांडू लागले. उंदराचं थिजणं कमी करणारी औषधं माणसाच्या चिंतेवर अपुरी का पडली, याचं त्यांनी दिलेलं कारणही हेच.

आपल्या देशालाही या विषयाचा इतिहास आहे, आणि तो इतका कमी माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. १९६० आणि १९७०च्या दशकांत मद्रासच्या सरकारी रुग्णालयात बी. राममूर्ती, व्ही. बालसुब्रमण्यम आणि टी. एस. कनका या शल्यविशारदांनी अतिचंचल आणि हिंसक समजल्या गेलेल्या शेकडो रुग्णांच्या ॲमिग्डालाचा भाग शस्त्रक्रियेने निकामी केला. त्यात मुलंही होती. जपानमध्ये हिरोतारो नाराबायाशी यांनी ही पद्धत आधी वापरली होती. हे डॉक्टर कुशल होते, जगभर त्यांचा मान होता. कनका तर आशियातल्या पहिल्या स्त्री-मेंदूशल्यविशारदांपैकी एक. घरच्यांना न आवरणाऱ्या रुग्णाला शांत करणं हा त्यांचा हेतू होता. पण शांतता कुणाला हवी होती? रुग्णाला, की त्याला सांभाळून थकलेल्यांना? अमेरिकेत त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट हीथ यांनी एका समलिंगी तरुणाच्या मेंदूत तारा घालून त्याला ‘बदलण्याचा’ प्रयोग १९७२ साली छापला. तिथे तर आजारच नव्हता.

आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यामागे असा सगळा इतिहास आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यास त्याने बंदी केली. मानसिक आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आणि कायद्याखालच्या मंडळाची मंजुरी, दोन्ही लागतात. बाहेरून दिल्या जाणाऱ्या चुंबकीय स्पंदांचा त्यात वेगळा विचार नाही. आज ते उपचार सौम्य आहेत म्हणून हे खपतं. आठवण जागी करून ती बदलण्याचा उपचार उद्या दवाखान्यात आला तर संमतीपत्रात फक्त यंत्राची नव्हे, आठवणीचीही नोंद लागेल: कोणती, कुणाच्या सांगण्यावरून, आणि त्या माणसाला ती पुढे कशासाठी लागणार आहे.

कारण प्रत्येक भीती आजार नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. सुमारे ८,००० माणसं गेली. ती मुख्यतः घराखाली गेली: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीच्या थराचं वजनदार माळवद. त्यानंतर लोक दगडी घरात झोपायला धजेनात. रात्री उठून बसणं, पत्रा वाजला तरी बाहेर पळणं, हे दुःख होतं आणि त्यावर उपचार हवाच होता. पण दगड-मातीच्या भिंतीविषयीचा अविश्वास योग्य होता. पुनर्वसनात भूकंपरोधक बांधकामाचा आग्रह त्याच शहाणपणातला. अशा माणसाची नेमकी कोणती धास्ती काढायची आणि कोणती ठेवायची, हे गुंडाळीला कळत नाही. ते त्याच्याशी बसून बोलणाऱ्याला, तेही बऱ्याच भेटींनंतर, कळतं.

बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर दाखवलेली एक गोष्ट इथे लागू पडते. एकदाच दोन तास तीव्र ताण दिला तर ॲमिग्डालातल्या पेशींवर लगेच फरक दिसत नाही. दहा दिवसांनी तिथे नव्या जोडण्या वाढलेल्या दिसतात आणि उंदीर अधिक धास्तावलेले असतात. आघात झाला त्या दिवशी शांत दिसणारा माणूस पुढे बिघडतो, हे आपण पाहतो. मदतीचे तंबू उठून गेल्यावर मग त्याला मदतीची गरज पडते.

आणि मदत कुठे आहे? बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० टक्क्यांहून अधिक प्रौढांमध्ये मानसिक आजार आढळला, आणि चिंता-नैराश्यासारख्या नेहमीच्या आजारांत ८० टक्क्यांहून अधिक लोक उपचाराविना होते. भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवणारे बोलण्याचे उपचार जगभर सिद्ध झालेले आहेत. ते नीट शिकलेला माणूस आपल्या तालुक्याच्या गावात सापडत नाही. पुण्या-मुंबईत मात्र टीएमएसच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टीएमएसला नैराश्यासाठी २००८ साली, ओसीडीसाठी (मंत्रचळ) २०१८ साली आणि नैराश्यासोबत येणाऱ्या चिंतेसाठी २०२१ साली मान्यता दिली. पीटीएसडी किंवा नुसत्या चिंताविकारासाठी तशी मान्यता अजून नाही.

तेव्हा पाटी वाचून आत जाणाऱ्याने डॉक्टरांना विचारावं की माझ्या आजाराचं नाव काय, त्यासाठी हे यंत्र सिद्ध झालंय का, आणि स्पंदांच्या आधी किंवा नंतर माझ्याशी बोलणार कोण. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे भरण्याची घाई करू नये. आतापर्यंत ज्या चाचण्यांनी धास्तीच्या रुग्णांना आशा दाखवली, त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांत समोर एक प्रशिक्षित माणूस बसलेला होता. ज्यांच्या गावात यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येतं.